डाव्या बुटाची तक्रार

२ मार्च

माझा रक्तदाब बघणारी डॉक्टरीण म्हणाली, "लोकांवर ओरडायच्या आधी ते लिहून काढत जा. निम्मा राग तिथंच जिरेल." मी म्हटलं, माझा राग जिरेल एवढा कागद बाजारात मिळत नाही. तरी ही वही आणली. पहिल्याच पानावर बुटांबद्दल लिहायची पाळी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

टोळ आज पुन्हा पडून आली. टोळ म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी तिच्या काटकुळ्या तंगड्या बघून बाबांनी ठेवलेलं नाव, साठी उलटली तरी चिकटून आहे. तिच्या पायाला जन्मजात भिंगरी. नोकरी केली तीही दारोदार टपाल वाटायची. आता निवृत्त झाली तर रोज सकाळी गावामागच्या डोंगरवाटांवर पळते. मी लग्न केलं नाही, तिनं केलं आणि निस्तरलं, आणि आता आम्ही दोघी एका घरात एकमेकींना सहन करतो.

दोन्ही तळहात खरवडलेले, डावा गुडघा फुटलेला. म्हणाली, "पाय घसरला." मी तिचा बूट उलटा केला. पुढचं पाठ, मागचं सपाट! तळवा असा गुळगुळीत की तोंड बघून घ्यावं.

"हे डांबरी रस्त्यावर पळायचे बूट आहेत," मी म्हटलं. "डोंगरावर सुटी खडी, ओली मुळं, चिखल. तिथं दातेरी तळवा लागतो."

"तुला काय माहीत? तू कधी बस पकडायलासुद्धा पळाली नाहीस."

"मी कधी भाजीही विकली नव्हती. तरी सगळ्या भाजीवाल्यांचे काटे मीच तपासले."

वजनमापं निरीक्षक होते मी. मापात पाप करणाऱ्यांची जन्मभर झोप उडवली. एका बुटापुढे हात टेकीन होय?

ऑक्टोबरात तिच्या क्लबची डोंगरधारेवरची शर्यत असते. ती दरवर्षी पळते. क्लबचा कप्तान (आडदांड माणूस, सगळे त्याला कप्तानच म्हणतात) तिला म्हणाला आहे की अशी पडत राहिलीस तर यंदा नंबर देणार नाही. टोळ गुडघ्याला पट्टी लावता लावता म्हणाली, "मला यंदाची धार करायचीच आहे, ताई. यंदाची तरी." दरवर्षी करतेस, त्यात यंदाचं काय एवढं, असं मी म्हटलं. तिला पट्टी नीट लावता येईना. मीच लावली.

ठरलं. ती पडणार नाही. तिच्या पायात योग्य बूट घालणं हे आता माझं काम.

५ मार्च

बुटाच्या दुकानात गेलो. मुद्दाम संध्याकाळी. दिवसभरात पाय फुगतात, तेव्हाचं माप खरं. मोजेही तेच नेले जे घालून ती पळते. दुकानदार एकेकाळचा गोलरक्षक, आता पोटच गोलाएवढं झालंय. त्यानं पहिले पुढे केले ते नारिंगी रंगाचे, चकचकीत.

"हे सध्या फार जातात, बाई."

"कुठे जातात?"

तो बावचळला. मी पिशवीतून माझं जुनं व्हर्नियर काढून तळव्याचे दात मोजायला लागले.

"बाई, पळणार तुम्ही आहात का?"

"मी पळवणार आहे."

"कोणाला?"

"आत्ता तरी तुम्हाला."

टोळ बाकावर बसून खुदुखुदु हसत होती. आठ जोड काढायला लावले. अखेर एक घेतला. तळव्याला खोल दात, आत टणक पट्टी म्हणजे दगड टोचत नाहीत, टोकाला रबरी कठडा, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात ती या जागेमुळे वाचतात. टोळ नाडी बांधत बसली ती बसलीच. दुकानदार घड्याळाकडे बघायला लागला तशी मीच खाली बसून बांधली. "लाडोबा," म्हटलं तिला. ती बोटांकडे बघत होती.

१४ मार्च

नवे बूट मानवलेत. एकदाही पडली नाही. जेवताना खुशीत होते म्हणून तिला तो घाऊक व्यापाऱ्याचा किस्सा पुन्हा सांगितला. त्याच्या गोदामात मी वजनं तपासली. एका कारखान्याचं कमी भरलं. दुसऱ्या कारखान्याचं लावलं, तेही तेवढंच कमी. तिसऱ्याचं, तेही. माझ्याबरोबरचा साहेब वजनं जप्त करायला निघाला होता. मी म्हटलं, साहेब, तीन कारखाने मिळून एकच चूक करत नाहीत.

"वजनं खरी होती, काटा खोटा होता," टोळनं शेवट म्हणून टाकला. शंभरदा ऐकलाय तिनं. पण आज म्हणताना हसली नाही. तिला माझा कंटाळा आलाय. येऊ दे.

३० मार्च

पडली. आणि कुठे, तर सपाट वाटेवर! पार्किंगपासून चार पावलांवर. कारण माझ्या लक्षात आलं. दात फार खोल घेतले आपण. सपाटीवर असे दात जमिनीला अडकतात. माझीच निवड चुकली. मी चूक मान्य करणारी बाई आहे, इतरांसारखी नाही.

शिवाय तिला चालायचं वळण उरलेलं नाही. घरातसुद्धा डावा पाय घासत चालते. आधी टोक खरडतं, मग पाऊल फटकन पडतं. आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या. तिथं लांबलचक पॉलिश केलेला व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला मदर उभ्या असत. कुणी पाय घासला की एकच शब्द: "पाय!" मग डोक्यावर पुस्तक ठेवून तो व्हरांडा पुन्हा चालायचा. पाय घासणं म्हणजे आळस आणि आळस म्हणजे पाप. मला एकदाही पुस्तक घ्यावं लागलं नाही. टोळला तर चालायलाच येत नसे, ती पळायची.

आज ती स्वयंपाकघरातून येताना मी पेपरमागून म्हटलं, "पाय!" ती दचकली. मग मांडी उंच उचलून, चिखलातून चालल्यासारखी, पलीकडे गेली. मला वाटलं चिडवतेय.

१९ एप्रिल

दुसरा जोड. हलका, उथळ दातांचा, टाच आणि पंजा जवळजवळ एका पातळीत. हा दुसऱ्या कंपनीचा. गोलरक्षकानं मला बघताच खुर्ची ओढून दिली. माणसं वठणीवर येतात, वेळ लागतो.

टोळनं विचारलं, "नाडीऐवजी ती चकती फिरवून आवळायची असते तसले नाहीत का?" नाहीत, म्हटलं. हातपाय धड असताना असली थेरं कशाला.

संध्याकाळी तिची पोटरी बघितली. कातडीखाली बारीक बारीक काहीतरी फडफडत होतं, चिमण्या कोंडल्यासारखं. पळणं जास्त होतंय, मीठ कमी पडतंय. रोज दोन केळी आणि पाण्यात मीठ, असा हुकूम काढला.

१६ मे

टोळ दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते. हा कसला दंतवैद्य! दर गुरुवारी जाऊन बोलणं उलट बोबडं होत चाललंय. "र" तर धड निघतच नाही. मी म्हटलं, मी येते आणि त्याचे दात पाडते. तर अशी घाबरली, "नको नको, तू नको येऊ." स्वतःच्या बहिणीची लाज.

आज परत आली तेव्हा पोटरीवर आणि दंडावर बारीक लाल टोचल्याच्या खुणा होत्या. गुरुवारी पळत नाही असं सांगते आणि काट्यांतून पळून येते! घोट्यावरून बुटावर चढवायची कापडी पट्टी मिळते, काटे-खडे आत जात नाहीत. ती आणली. दंडाचं काय करायचं ते बघू.

९ जून

कप्तान घरी आला होता. टोळ आंघोळीला गेली होती. चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, एक विचारू? रागवू नका."

"ते विचारण्यावर आहे."

"त्या घरी… काही घेतात का? म्हणजे संध्याकाळी. बोलणं जड येतं, पाय लडखडतात. पोरं आपापसात बोलतात."

माझ्या घरात! मदरच्या हाताखाली वाढलेल्या बाईबद्दल! मी त्याच्यासमोरचा कप उचलून घेतला. म्हटलं, तिच्या पायात मिळतात ते बूट भिकार आहेत, आणि तुमच्या क्लबनं कधी त्याची चौकशी केलेली नाही.

तो उठता उठता म्हणाला, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय हे. पळता येईना, बूट वाकडे."

"दार उघडंच आहे," म्हटलं.

टोळनं आतून सगळं ऐकलं असणार. केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "त्याला दारूच सांगायचं होतंस, ताई. सोपं पडलं असतं." हा काय विनोद झाला? पण हसली, म्हणून मीही हसले.

२ जुलै

आज घरातच पडली. स्वयंपाकघर आणि हॉलमधला तो एवढासा उंबरा. अनवाणी होती. लादी ओली असणार. मी नंतर हात फिरवून पाहिला तेव्हा कोरडी होती, पण तोवर वाळली असेल.

हनुवटीला टाके पडले. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरनं तिला हळूच विचारलं, "घरी माहीत आहे का?" मी तिथंच उभी होते! म्हटलं, घरीच पडली, घरी माहीत नसायला काय झालं? तो माझ्याकडे बघत राहिला. शिकलेली माणसं पण बुद्धी बेतास बात.

६ जुलै

सापडलं! मापात पाप सापडलं!

पावसाळी हवा म्हणून तिचे बूट पुसून ठेवत होते. दुसऱ्या जोडातला उजवा बूट नवा असल्यासारखा. डाव्याच्या टोकाचं रबर पार झिजलंय, आतलं कापड दिसतंय. मग पहिला जोड काढला. तीच गत. एका जोडीत दोन दर्जांचं रबर घालतात हे लोक! उजव्यात चांगलं आणि डाव्यात रद्दी. गिऱ्हाईक दुकानात उजवाच घालून बघतं ना. काय डोकं आहे! आणि त्या रद्दी रबरापायी माझी बहीण तोंडावर आपटते.

टोळला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू खूश आहेस ना?"

"खूश? मी संतापले आहे!"

"तेच," ती म्हणाली.

उद्या दुकानात. तिचे ते जुने रस्त्याचे बूटही पोटमाळ्यावरून काढले. पुराव्याला पुरावा.

७ जुलै

हे लिहायला हात वळत नाही.

दुकानात गर्दी होती. मला हवीच होती. काउंटरवर डावे बूट ओळीनं मांडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बघा, तुम्हाला काय विकलं जातंय. लोक जवळ आले. गोलरक्षक घामाघूम. "बाई, पण या वेगवेगळ्या कंपन्या आहेत," एवढंच म्हणाला बिचारा. बाजू मांडायची म्हणून.

मी म्हटलं, "असू देत. हा पहिल्या कंपनीचा. हा दुसऱ्या. हा जुना, तिसऱ्या. आणि तिन्हींत बघा, डावा, टोक, तिथंच आणि तेवढीच…"

तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला. गोदामातला.

तीन कारखाने मिळून एकच चूक करत नाहीत.

सगळे वाट बघत होते. गोलरक्षक पण. मी बूट पिशवीत भरले. एक खाली पडला तो त्यानं उचलून दिला. "बाई, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" मी त्याला म्हटलं, "तुमच्या बुटांत काही खोट नाही." एवढं बोलायला जेवढा जोर लागला तेवढा मला जन्मात कधी लागला नव्हता.

घरी टोळ खिडकीशी बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. पिशवीकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काटा तपासलास वाटतं."

गुरुवारी ती दाताच्या डॉक्टरकडे जात नव्हती. मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जात होती. स्नायूंना हुकूम देणाऱ्या तारा एकेक करून मरतात. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे तिनं मला असं सांगितलं जसं पूर्वी टपालाचा रस्ता सांगायची, आधी हे घर, मग ते घर. मार्चमध्येच तिला शंका आली होती. मेमध्ये त्यांनी नक्की सांगितलं.

मी म्हटलं, "आणि मी तुला 'पाय' म्हणून ओरडत होते."

"हो."

"सांगायचं नाहीस?"

"तू बूट शोधत होतीस, ताई," ती म्हणाली. "घरात एक तरी माणूस असं होतं ज्याला वाटत होतं की नुसता बूट बदलला की मी बरी होईन. मला ते हवं होतं."

मी तिच्यावर खूप ओरडले. मग रक्तदाबाची गोळी घेतली. मग पुन्हा ओरडले.

११ ऑगस्ट

ओरडून झालं. ती म्हणते धार करायचीच. नसती हौस म्हणावं, तर आता तिला हौस तरी कशी म्हणू.

गोलरक्षकाकडे गेले आणि गर्दी नसताना खरं सांगितलं. तो उठला आणि आतून घोट्याच्या वरपर्यंत येणारा जोड घेऊन आला. ताठ, पण वजनाला हलका, टोक वर वळलेलं. चकती फिरवून आवळायचा. मी तपासायला व्हर्नियर काढलं आणि परत ठेवून दिलं.

डाव्या बुटाच्या टोकापासून नडगीवरच्या पट्ट्यापर्यंत एक जाड लवचीक पट्टी मी शिवली. पाऊल लोंबायला लागलं की ती वर ओढते. पाच वेळा उसवली, पाच वेळा शिवली. टोळ म्हणाली, "कळसूत्री बाहुली केलीस माझी." घरात गालिच्यावर चालून बघते. बाहेर नेऊन बूट खराब करायचे नाहीत, धारेसाठी कोरे ठेवायचे, असं तिचंच म्हणणं. मी आता "पाय" म्हणत नाही. ओठांवर येतं, गिळते.

१२ ऑक्टोबर

आज धार होती.

पहाटेचं धुकं, माणसांचा गलका, छातीवर नंबर लावायची घाई. टोळ रांगेत उभी. कोरे बूट, पट्टी ताणलेली. मी तिच्या मागे, कोपराला आधार देत, जणू मीच पळणार आहे. कप्तानला आता सगळं माहीत आहे. तिचा नंबर त्याच्या हातात होता. देईना आणि ठेवीनाही.

माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, वरची वाट तुम्हाला माहीत नाही. एका बाजूला कडा आहे. मी नाही म्हटलं तर मी राक्षस. तुम्ही सांगा. जन्मभर पास-नापास केलंत. तुम्ही तपासायला उभ्या असता तर केलं असतं पास?"

टोळ ऐकत होती. सगळी रांग ऐकत होती.

मी कधी कुणाला ग्रॅमभर सूट दिली नाही. सख्ख्या मामाच्या दुकानाचा काटासुद्धा सील केला होता. आज तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. मदरची शपथ. आणि बाहेर काय आलं, तर "नाही."

कप्ताननं नंबर घडी करून खिशात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. माझे नाही. मला स्वतःची शिसारी आली होती.

शिट्टी वाजली, सगळे गेले. धूळ बसली. टोळ म्हणाली (आता तिचं बोलणं मलाच कळतं), "चल. पहिल्या वळणापर्यंत."

गेलो. ती मांडी उचलत, पट्टी करकरत, मी तिचा दंड धरून. वळणाच्या अलीकडे खडीवरून घसरलं कोण, तर मी! माझे कातडी तळव्याचे बूट, ऑफिसला घालायचे ते. सगळ्या गावाचे तळवे तपासले, स्वतःचे उलटून पाहिले नाहीत. बुडावर आपटले. मला सावरायला वळताना तिचा डावा बूट दगडाला घासला, टोकावर ओरखडा उमटला, पण ती पडली नाही. टोळ उभी आणि मी खाली!

ती हसायला लागली. इतकी हसली की थांबेचना. मग हसते की रडते ते कळेना, आवरायला बघत होती पण आवरता येईना. ऊन चढलं होतं, त्याचंच असेल.

वळणावर दगडावर बसलो. वर धारेवर मुंग्यांसारखी माणसं दिसत होती. ती म्हणाली, "तू हो म्हणाली असतीस तर मी गेले असते. त्या कड्यावरच कुठंतरी संपले असते."

"म्हणजे बरंच झालं की मी नाही म्हटलं."

ती धारेकडे बघत बसली. दमली होती.

३० नोव्हेंबर

चाकाची खुर्ची आली. दार अर्ध्या बोटानं अरुंद पडलं. सुताराला बोलावून चौकट तासून घेतली. डाव्या हातानं चमचा धरवत नाही, उजव्यानं जेमतेम.

२२ जानेवारी

आता पलंग. बोलणं गेलं. एकच शब्द तिला काढता येतो, तोही मला ठाऊक आहे म्हणून कळतो: "पाय." पाऊल पांघरुणाच्या वजनानं वाकडं होतं, पोटरी वळते, आणि स्वतःहून ते हलवता येत नाही. मी कुठंही असले तरी ऐकू येतं. जाते आणि उचलते. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. मी तो वर काढते, तो पुन्हा जातो.

७ फेब्रुवारी

कप्तान आला होता. घरी येऊन-जाऊन असतो आता. टोळजवळ बसून क्लबमधल्या चहाड्या सांगतो, कोण कोणाशी बोलत नाही ते. तिचे डोळे हसतात. जाताना मला म्हणाला, "ताई, तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं का?" मी म्हटलं, तिला विचारा, ती इथंच आहे. त्यानं विचारलं नाही. मीही विचारलेलं नाही.

४ मार्च

दिवसा एक नर्सबाई येते. डॉक्टरनी पाऊल काटकोनात ठेवायला सांगितलं आहे, नाहीतर टाचेची शीर आखडते. त्यासाठी दिलेला प्लॅस्टिकचा साचा तिच्या कातडीला चावतो. घोट्यावर जखम झाली. मी त्या साचेवाल्याला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

मग आठवलं. कपाटातून तो घोट्याच्या वरपर्यंतचा जोड काढला. जाड मोजे घातले, हळूच पाय सरकवला, चकती फिरवली. पाऊल काटकोनात बसलं, जणू त्यासाठीच केला होता.

नर्सबाई म्हणाली, "अगं बाई! हे डोंगरावरचे बूट पलंगावर? कुठं पळणार आहेत या?"

"तुमच्यापेक्षा लांब," मी म्हटलं.

दोन तास बूट पायात ठेवला. "पाय" ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच एवढा वेळ झोपली. मी पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसले. तळवे समोरच होते. सवयीनं व्हर्नियर काढून दात मोजले, दुकानात होते तेवढेच भरले. उजव्याची झीज नाही. डाव्याच्या टोकावर तेवढा एक ओरखडा, पहिल्या वळणाचा. बाकी झीज नाही.

इतके जोड पाहिले. या जोडाबद्दल काही तक्रार नाही.